वाफेच्या टर्बाइनचा नारळ

"गॅस नाय, तर आमी काय फुंकर मारू?"

वीज वाढवा म्हणून वरून आलेला फोन आदळून दादांनी हे वाक्य टाकलं, की त्यांची शिफ्ट सुरू झाली असं समजायचं. दादा बेलपाड्याचे, आमच्या गॅसवरच्या वीजकेंद्रातले सगळ्यांत जुने ऑपरेटर. पनवेलहून कंपनीच्या बसने आम्ही बरोबरच जायचो. वाटेत कंटेनरच्या रांगेत बस अडकली की त्यांची चिडचिड तिथूनच सुरू व्हायची.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पाहुणे म्हणून गेले तरी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात रिकामी जळणारी शेगडी उठून बंद करणारी. दादा त्यातले.

नव्या माणसाला ते सगळं केंद्र एका दमात समजावत. "गॅस पेटवायचा. त्याच्या गरम झोतानं पयला टर्बाइन फिरतो, संगती जनरेटर. झाली वीज. पन भायेर पडनारा झोत अजून भट्टीसारखा तापलेला असतो. तो बॉयलरला द्यायचा, पानी उकळायचं, वाफेवर दुसरा टर्बाइन फिरवायचा. गॅस एकदाच, वीज दोनदा. समजलं?"

समजायचं. पण तो वाफेचा टर्बाइन कधीचा दुरुस्तीसाठी उघडा पडला होता आणि सुट्या भागाचा पत्ता नव्हता. तोवर सगळी उष्णता धुराड्यातून आभाळात. दादा वर बघून दात-ओठ खायचे. "चूल पेटलीय, आन् भाकरीचा पत्ता नाय!"

"दादा, सोडा ना आता."

"सोडा काय? फुकट जातंय ते दिसत नाय तुला?"

दिसायचं की! वरच्यांना विचारून विचारून माझंही डोकं उठलं होतं. फक्त मी संताप चहाबरोबर गिळायचो.

आमच्याकडे एक रीत आहे. निवृत्त होणाऱ्याने शेवटच्या दिवशी एक मशीन आपल्या हाताने सुरू करायचं आणि नारळ फोडायचा. दादांनी आधीच बजावलं होतं, "मना वाफेवालाच पायजे."

आणि नेमका त्यांच्या शेवटच्या आठवड्यात तो टर्बाइन जुळून तयार झाला. शेवटच्या दिवशी दादा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. नारळ कानाशी हलवून पाणी वाजतंय का ते बघितलं. तेवढ्यात फोन आला. गॅस कमी आहे, पहिला टर्बाइनही बंद ठेवा, आज काहीही सुरू करू नका.

या खेपेला त्यांनी फोन आदळला नाही. फुंकरीचं वाक्यही बोलले नाहीत. तेच मला सहन होईना. नारळ पॅनेलशेजारी ठेवून म्हणाले, "चालू होईल तेवा फोडा."

"दादा, घरी न्या तो."

"नाय. मशीनचा हाय."

पुरेसा गॅस आला तोवर बरेच महिने गेले होते. वाफेचा टर्बाइन मी सुरू केला. आनंद व्हायचा सोडून मला रडकुंडीला आल्यासारखं झालं. दादांना फोन लावला आणि घरघरीकडे धरला. ती ऐकून त्यांनी विचारलं,

"धुराड्यातून फुकट काय जातंय का?"

"नाही दादा. सगळी उष्णता बॉयलरला."

"मंग फोडा."

फोडला. आतलं पाणी पार आटून गेलं होतं.