सुमनताईची झेप

विजयनं फोनवर तीनदा बजावलं होतं, "अक्का, खसखस आणू नकोस. इथं बंदी आहे, विमानतळावरच धरतील." म्हणून जन्मात पहिल्यांदा मी अनारसे तिळावर थापले. आईनं पाहिलं असतं तर लाटणं फेकून मारलं असतं. इतकं करूनही कुवेतच्या विमानतळावर त्या माणसानं डबा उघडलाच. एकेक अनारसा उलटा करून पाहिला, हुंगला, आणि "हलवा?" असं विचारलं. मी मान डोलावली. एवढ्यावर सुटका झाली.

विजय माझा धाकटा भाऊ. पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात इंजिनीयर आहे. मी मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी शाळेत शिकवते. निघताना सगळ्यांना सांगितलं, भावाकडे चालले. ते अर्धंच खरं होतं. विजय मागच्या दिवाळीत फोनवर बोलता बोलता म्हणाला होता, "अगं, आपली सुमनताई इथंच नर्स आहे." तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नव्हतं.

सुमनताई कोण हे आमच्या गावात चाळिशीपुढच्या कुणालाही विचारा. खो-खोत खांबावर झेपावून गडी टिपणारी अशी पोरगी जिल्ह्यात दुसरी नव्हती. एका हाताचा विळखा खांबाला, अंग जमिनीला समांतर, आणि दुसऱ्या हाताची बोटं पळणारीच्या पाठीवर. आम्ही पोरं घरी तुळईच्या खांबावर तसं करायला जायचो आणि तोंड फोडून घ्यायचो.

अबू हलीफा या समुद्रकाठच्या वस्तीत विजयचं घर सहाव्या मजल्यावर. गॅलरीतून समुद्र दिसतो, अगदी शांत. डिसेंबर असल्यानं हवा गार, मी आपली शाल लपेटून. भाची रेवा हसते, "आत्या, इट्स नॉट दॅट कोल्ड!" सकाळी कोपऱ्यावरच्या भट्टीतून गरम खुबूस (तिथली मोठी, फुगलेली रोटी) यायची. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर ती इतकी जमते की मी चार दिवसांत भाकरीचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी विजय शर्कचा मासळीबाजार दाखवायला घेऊन गेला. आम्ही कोरडवाहू मुलखातली माणसं. एवढे मासे मी एका जागी कधी पाहिले नव्हते. एका बंगाली विक्रेत्यानं जुबैदी (आपलं पापलेट) माझ्या हातात दिला. "पकडो अम्मा, कस के! फिसलेगा!" म्हणेपर्यंत तो निसटून थेट माझ्या चपलेवर. सगळे हसले. मला मात्र भर बाजारात रडू फुटायची वेळ आली. विजयला कारण ठाऊक होतं. जगात ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

मी दहा वर्षांची होते, विजय नऊचा. विभागीय अंतिम सामना आमच्याच मैदानावर होता. मध्यंतरात फक्कीच्या रेघा पुन्हा ओढायच्या आणि खांब पुसायचे, हे आम्हा पोरांचं काम. ताईचा खांब सगळ्यांत चकचकीत दिसावा म्हणून मी घरून बाटली आणली, थंडीनं थिजलेलं खोबरेल उन्हात पातळ केलं आणि फडक्यानं खांबाला चोळलं. हवा गारठलेली. तेल लगेच थिजून दिसेनासं झालं. दुसऱ्या डावात ताईनं पहिलीच झेप घेतली, हात सटकला, गुडघा जमिनीवर आपटला. त्यानंतर ती कधी खेळली नाही. मोठी माणसं म्हणाली, पोरीचं पाऊल चुकलं. आम्ही दोघं मूग गिळून बसलो.

"मी तिला सांगणार आहे," मी चप्पल धुताना म्हणाले.

"जुनी मढी कशाला उकरायलीस, अक्का? ती सुखात आहे."

शुक्रवारी सुट्टी. विजयनं ताईला गाडीत घेतलं आणि आम्ही वफ्राच्या शेतांकडे निघालो. वाटेत नुसती वाळू, आणि मग अचानक हिरवंगार: काकड्यांची प्लास्टिकची घरं, खजुरीच्या रांगा, बांधावर बसून डबा खाणारे मजूर. ताई पंचावन्नची, केस पिकलेले, उजवा पाय किंचित ओढत चालायची. मला ओळखलं तिनं. "खांबाजवळ बसणारी कुसुम! लई टाळ्या वाजवायचीस गं." मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

शेताच्या कडेला एका शेडखाली सतरंजी पसरली. ताईनं अनारसा मोडला आणि लगेच म्हणाली, "तीळ होय! हुशार झालीस." रेवानं मोबाइलवर खो-खो शोधून पाहिला होता. शेडच्या लोखंडी खांबाकडे बोट दाखवून ती म्हणाली, "मावशी, शो मी ना, तो डाइव्ह!"

"नको गं राणी," ताई हसली. "मला खांब लाभत नाही. ऐन वेळी एक पाऊल आधी निघाले आणि घात झाला."

झालं. मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"ताई, तुम्ही आधी निघाला नव्हता. खांबाला तेल होतं. मध्यंतरात मी लावलं होतं. खोबरेल. तुमचा खांब चकाकावा म्हणून."

विजयनं मान खाली घातली. ताई उठली, शेडच्या खांबाजवळ गेली, त्याला तळहात लावून आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मला वाटलं, आता ही घरी सोडा म्हणेल.

"छत्तीस वर्षं," ती म्हणाली. "छत्तीस वर्षं मी ती झेप मोजायलीय. ड्यूटीवर, सलाइन लावता लावता. दर वेळी एक पाऊल आधी. सर म्हणाले होते, घाई नडली. मी म्हटलं असेल. मला सवयच आहे घाईची." मग ती वळली. "कुसुम, खरं सांग. पाऊल कुठं होतं माझं?"

"खांबाजवळच्या रेघेवर, ताई. ती रेघ मीच मारली होती. बरोबर रेघेवर होतं."

ताई मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली. मीही रडले, रेवा बिचारी घाबरून दोघींना पाणी देत राहिली.

"मग मेले, तेव्हाच का नाही बोललीस?"

"मार बसेल म्हणून."

"आता मारू?"

"मारा."

तिनं खरंच माझ्या पाठीत धपाटा घातला, चांगला सणसणीत. नर्सबाईंच्या हातात अजून जोर आहे.

परतताना गाडीत ताई अबू हलीफाचे दिवे दिसायला लागल्यावर म्हणाली, "गावात अजून म्हणतात ना, ऐन वेळी कुणाचं फसलं की 'सुमनचा खांब झाला'? म्हणून मी सुट्टीत आले तरी गावाकडे फिरकत नाही."

मी स्वतः ते वर्गात पोरांना म्हटलेलं आहे.

"मग आता तूच सांग सगळ्यांना," ताई म्हणाली. "नाव घालून."

गावी परत येऊन आठ दिवस झाले. पहिल्याच संध्याकाळी मैदानावर जाऊन आले. खांब आता नवे आहेत. मी कितीतरी वेळ रेघेशी उभी होते. सुमनताई उन्हाळ्यात गावी येते म्हणालीय. त्याआधी हे तुमच्यापर्यंत पोचायला हवं, म्हणून हा सगळा लिहिण्याचा खटाटोप. तर गावकरी हो, तिचं पाऊल रेघेवर होतं. यापुढे ऐन वेळी कुणाचं फसलं तर सुमनचं नाव घेऊ नका. 'कुसुमचं तेल' म्हणा.