‘मला आत टाका’ म्हणणारा पॅनेल ऑपरेटर

नोकरीत चोऱ्या पाहिल्या, खून पाहिले, पळून गेलेले आरोपी तीन-तीन जिल्ह्यांत शोधले. पण मोखाड्याच्या रस्त्यावरच्या त्या काँक्रीट प्लांटचं प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. त्यातल्या आरोपीमुळे नव्हे. माझ्या स्वतःच्या तपासामुळे, आणि त्या पॅनेल ऑपरेटरमुळे, जो रोज सकाळी ठाण्यात येऊन ‘मला आत टाका’ म्हणून बसायचा.

तेव्हा मी जव्हार-मोखाडा भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. रस्त्याच्या कामासाठी एका ठेकेदाराने माळावर काँक्रीट बनवण्याचा प्लांट उभारला होता. खडी, वाळू, सिमेंट पट्ट्यावरून वर जायचं आणि मोठ्या लोखंडी मिक्सरमध्ये पडायचं. हे सगळं चालायचं उंचावरच्या काचेच्या एका केबिनमधून. तिथे बटणांचं पॅनेल होतं, आणि पॅनेलसमोर ऑपरेटर. काम थांबलं की मिक्सरच्या आत चिकटलेलं काँक्रीट छिन्नी-हातोड्याने फोडायला मजूर आत उतरायचा.

एका दुपारी मजूर आत असताना मिक्सर सुरू झाला. वावर गावाकडचा माणूस, तिशीतला. आम्ही पोहोचलो तेव्हा काही उरलं नव्हतं.

आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली, घटनास्थळाचा पंचनामा केला, प्लांट सील केला. सात साक्षीदारांचे जबाब घेतले. सुपरवायझर हेल्मेट काखेत धरून सतत माझ्यासोबत होता. साक्षीदार कोण, कोण कुठे उभा होता, सगळं त्यानेच सांगितलं.

“सरळ मामला आहे साहेब,” तो म्हणाला. “ऑपरेटरकडून चुकून बटण दाबलं गेलं. तो स्वतःच कबूल करतोय.”

आणि खरोखरच ऑपरेटर कबूल करत होता. पोशेऱ्याजवळच्या पाड्यावरचा, चाळिशीचा, आयटीआयमधून वायरमनचं शिकलेला. केबिनच्या पायरीवर बसला होता. मी विचारण्याआधीच म्हणाला, “माज्यामुळं मेला साहेब. मला घेऊन चला.”

दुसऱ्या दिवशी ते सात जबाब वाचायला घेतले आणि माझा पारा चढला. सातही जबाबांत एकच वाक्य होतं: ‘मी माझ्या कामात असताना ऑपरेटरने चुकून बटन दाबीले.’ सातही ठिकाणी ‘दाबीले’. लेखनिकाला बोलावलं.

“सात माणसं ‘दाबीले’ म्हणाली का रे?”

“मजकूर सारखाच होता साहेब, म्हणून कॉपी केला.”

“मग सातजणांना बोलावलंस कशाला? एकालाच सात सह्या करायला लावायच्या!”

त्याला तरी किती बोलणार? जबाबांवर सही माझीही होती.

त्याच संध्याकाळी माझा हवालदार खबर घेऊन आला. तो याच भागातला, इथल्या पाड्यांवरची बोली बोलणारा. जव्हारला एसटी डेपोसमोर चहा पिताना त्याने प्लांटवरच्या लोडर चालकाला बोलताना ऐकलं होतं: ‘पॅनेलवाला तर खाली होता, वर नव्हताच.’

हा चालक आमच्या सातातला एक! त्याला बोलावलं. तो आला आणि म्हणाला, “मी असं बोललोच नाही साहेब. कुणीतरी दुसरा असेल.” हवालदार समोर उभा असताना म्हणाला. नोकरी जाईल ही भीती त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती, आणि ती मला दिसतेय हे त्यालाही कळत होतं. तरी तो हलला नाही.

मग मी ऑपरेटरकडे वळलो. चौकशीसाठी बोलावण्याची गरजच नव्हती. तो रोज पहिल्या गाडीने यायचा आणि अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकावर बसायचा.

“बटण तू दाबलंस?”

“माज्यामुळं झालं साहेब.”

“मी विचारतो ते सांग. हाताने बटण कुणी दाबलं?”

“तुमी लिवा ना माजं नाव. मला आत का टाकत नाय?”

“तू पॅनेलवर होतास की खाली?”

यावर तो खाली बघायचा. आरडाओरडा केला, समजावलं, चहा पाजला, तासभर एकटं बसवलं. उत्तर तेच. आरोपी गुन्हा नाकारतो तेव्हा काय करायचं हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. जो माणूस स्वतःला लटकवायला निघालाय, त्याच्याकडून खरं कसं काढायचं, हे कुणीच शिकवलं नव्हतं. एकदा तर मी हात जोडले. “अरे बाबा, मला माझं काम करू दे.” तर तो म्हणाला, “करा की साहेब. टाका आत.”

तिकडे सुपरवायझरचे फोन सुरू होते. सील कधी काढणार, रस्त्याचं काम अडलंय, आरोपी कबूल आहे तर उशीर कशाला. प्रश्न बिनतोड होता आणि म्हणूनच मला तो जास्त खुपत होता.

आठव्या दिवशी दुपारी मी वैतागून बाहेर आलो. ओट्यावर एक बाई बसली होती. मयताची बायको. शवविच्छेदन अहवालाची प्रत हवी म्हणून ती त्याआधी दोनदा येऊन गेली होती, हे मला माहीत होतं. दोन्ही वेळा ‘बसा, बघतो’ असं मीच म्हणालो होतो आणि विसरलो होतो.

“बाई, तुमचा कागद अजून मिळाला नाही का?”

“नाय.”

“कोणी विचारलं नाही तुम्हाला?”

“कागदाचा नाय विचारला,” ती म्हणाली. “आन त्या दिवसाचा बी नाय विचारला.”

मी थांबलो. “त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?”

“पंपावर. मिक्सर धुवायला पानी भरत होते.”

ती त्याच प्लांटवर मजुरीला होती. नवरा आत उतरला तेव्हा शंभर पावलांवर उभी होती. सुपरवायझरच्या यादीत तिचं नाव नव्हतं आणि मीही ते शोधलं नव्हतं. पंचनाम्याच्या वेळी ती झाडाखाली रडत होती. रडणाऱ्या बाईला कशाला त्रास द्यायचा, असं म्हणून आम्ही पुढे गेलो होतो.

तिला आत नेलं, महिला पोलिसाला जवळ बसवलं. काही शब्द मला कळेनात, ते हवालदार सांगत होता. पंपाची मोटर बंद पडली हे सांगायला ती केबिनकडे गेली, तेव्हा तिच्यादेखत सुपरवायझरने ऑपरेटरला खाली पाठवलं. ऑपरेटर म्हणाला, माणूस आत आहे. सुपरवायझर म्हणाला, तू जा, पॅनेलवर मी बसतो.

“मोटर उघडून बसला होता. माज्या बाजूला,” ती म्हणाली. “वर आवाज झाला. त्यानं हातातला सगळा टाकला आन पळला. वरडत पळला. मी मागून पळले.” मग म्हणाली, “चावी तर त्याच्या खिशात होती. कोन आत गेला का तो चावी काढतो.”

“कसली चावी?”

“पॅनेलची.”

मी बाहेर आलो. ऑपरेटर बाकावर होता.

“चावी कुठे आहे?”

त्याने शर्टाच्या खिशातून चावी काढून माझ्या हातावर ठेवली. आठ दिवस ती तिथेच होती. माझ्या टेबलापासून दहा फुटांवर. आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

“ही काढल्यावर मिक्सर चालू होतो?”

“व्हायला नको.”

“मग झाला कसा?”

तेव्हा तो पहिल्यांदा रडला. चावीचा स्विच खराब झाला होता, मधेच मिक्सर बंद पडायचा. सुपरवायझर म्हणाला, डायरेक्ट कर. म्हणजे चावीच्या दोन टोकांना वायर जोडून टाक, चावी असो-नसो, यंत्र चालू होईल. नवा स्विच मागवतो, तोवर चालव. स्विच आलाच नाही. ऑपरेटरने दोनदा आठवण केली, मग तीही सोडली. चावी मात्र सवयीने काढत राहिला.

“वायर माज्या हातची हाय साहेब,” तो म्हणाला. “बटन कोनी का दाबंना.”

इतके दिवस तो खोटं बोलत नव्हता. मी विचारत होतो बटणाबद्दल आणि तो सांगत होता वायरबद्दल.

विद्युत निरीक्षकांना बोलावून पंचांसमक्ष पॅनेलचं दार उघडलं. लाल वायर समोरच होती. पहिल्या पंचनाम्यात आम्ही ‘पॅनेल सुस्थितीत’ असं लिहिलं होतं, दार न उघडता. सील नीट लावलं होतं, एवढंच आमच्या हातून बरोबर झालं होतं.

मग सुपरवायझरला समोर बसवलं आणि चावी टेबलावर ठेवली. “ही बाहेर होती. ऑपरेटर पंपावर होता. केबिनमध्ये कोण होतं?”

त्याने पाणी मागितलं. अर्धा ग्लास पिऊन म्हणाला, “साईटवरून सारखे फोन येत होते साहेब. गाड्या उभ्या होत्या. मला वाटलं, तो बाहेर आला असेल.”

“बघितलंत?”

“वाटलं,” तो पुन्हा म्हणाला.

गुन्हा दाखल झाला, सुपरवायझरला अटक झाली. ऑपरेटरचा जबाब लिहिताना मी त्याला बजावलं, वायरचं लिहिलं तर तूही अडकशील. तो म्हणाला, “तेच आधी लिवा.” मी चरफडत लिहिलं. पुढे सरकारी वकिलांनी त्याला साक्षीदार ठेवलं. उलटतपासणीत बचावाच्या वकिलाने विचारलं, “वायर कुणी जोडली?” प्रश्न संपायच्या आत तो “मी” म्हणाला. जो माणूस स्वतःला वाचवत नाही, त्याच्या बाकीच्या साक्षीवर न्यायालयाने विश्वास ठेवला. सुपरवायझरला शिक्षा झाली.

निकालाच्या दिवशी मी जव्हारच्या एसटी स्थानकावरून जात होतो. ऑपरेटर आणि ती बाई तिथे उभे होते. मला पाहून तो पुढे आला.

“साहेब, मला काहीच झाली नाय शिक्षा?”

मी नेहमीसारखाच वैतागलो. “घरी जा रे बाबा आता.”

तो तसाच उभा. तेव्हा बाईने त्याच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली आणि म्हणाली, “चल. गाडी लागली.” तो तिच्या मागे निघाला.

कबुली मिळाली की तपास अधिकाऱ्याचं शोधणं थांबतं. माझंही थांबलं होतं. आणि साक्षीदार म्हणजे जो आपल्यासमोर आणून उभा केला जातो तो, असं मी समजत होतो. त्यानंतर जिथे जिथे बदली झाली, तिथे सकाळी खुर्चीत बसण्याआधी मी ओट्यावर जायचो आणि बसलेल्या प्रत्येकाला विचारायचो, कशासाठी आलात? बहुतेक जण कागदासाठीच आलेले असायचे. तरी मी दुसरा प्रश्नही विचारायचो, तेव्हा तुम्ही कुठे होतात?