तिसऱ्या क्वार्टरचा रकाना

शैला देवपुजारी यांना अमेरिकेत येऊन तेहेतीस वर्षे झाली, तरी तिथला फुटबॉल काही त्यांच्या गळी उतरला नव्हता. चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो, तर त्या खेळाला फुटबॉल का म्हणायचे, हा त्यांचा जुना प्रश्न. हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झाल्यावर २००४ च्या सप्टेंबरात त्या एडिसनजवळच्या एका छोट्या कॉलेजच्या ग्रंथालयात आठवड्यातून तीन दिवस जाऊ लागल्या. पहिल्याच आठवड्यात १९३७ च्या फुटबॉल संघाची खोकी त्यांच्या टेबलावर आली. हे ऐकून त्यांचे पती गुरुदत्त मनापासून हसले.

"तुला या खेळातलं काय कळतं?"

"खेळ नाही कळत. वही कळते," शैलाताई म्हणाल्या.

ते खरेच होते. त्यांचे वडील नागपुरात क्लबच्या क्रिकेट सामन्यांचे स्कोअरर. दहाव्या वर्षापासून शैलाताई त्यांच्या शेजारी बसून दुसरी वही लिहीत. षटक संपले की दोन्ही वह्यांचा ताळा. जुळला नाही तर वडील म्हणत, "कोण चुकलं ते मागून पाहू. कुठे चुकलं ते आधी सांग."

१९३७ च्या संघाने त्या मोसमातले आठही सामने जिंकले होते. कॉलेजच्या इतिहासात तसे पुन्हा घडले नव्हते. ऑक्टोबरात माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मैदानाच्या फाटकावर पितळी पाटी बसायची होती आणि तिचा मजकूर शैलाताईंनी लिहायचा होता. सातव्या सामन्यात एकच टचडाऊन झाला होता, म्हणजे चेंडू एकदाच समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपार गेला होता. वर्तमानपत्राच्या कात्रणानुसार तो संघाचा हिरो बर्ट कॅलहन याचा.

खातरजमा म्हणून त्या लिओ हुदाक यांच्या घरी गेल्या. संघातले ते एकटेच हयात होते, वय सत्त्याऐंशी.

"तो टचडाऊन माझा," लिओ शांतपणे म्हणाले. "चिखल इतका होता की पाठीवरचे नंबर दिसत नव्हते. पेपरवाल्याने सवयीने बर्टचं नाव लिहिलं."

"डॅड, प्लीज," त्यांची मुलगी मार्जरी कॉफी ठेवता ठेवता म्हणाली. मग शैलाताईंकडे वळून, वडिलांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, "दर थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला ऐकतो आम्ही ही गोष्ट. मुलं तर मोजतात, यंदा डॅडची धाव किती यार्ड वाढली."

लिओंना ऐकू गेले होते. ते कपाकडे पाहत राहिले.

"तेव्हाच का नाही सांगितलं?" शैलाताईंनी विचारले.

"मोसम संपल्यावर सांगू म्हटलं. मग राहूनच गेलं. पुढे महायुद्धात बर्ट नॉर्मंडीत मारला गेला. त्याच्या आईने ते कात्रण फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं. तिला काय सांगणार होतो मी?"

परतताना शैलाताईंच्या मनातून तो कप जाईना. शुक्रवारी दुपारी मजकूर पाटी कोरणाऱ्याकडे जायचा होता आणि ग्रंथपालांची अट साधी होती: कागद असेल तर नाव बदलू.

बुधवारी कागद मिळाला. संघाच्या विद्यार्थी-व्यवस्थापकाची वही. सामन्याच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या चारही क्वार्टरची नोंद तिच्यात होती. सातवा सामना, तिसरा क्वार्टर, सहावे मिनिट: कॅलहन बाहेर, खांदा दुखावला, हुदाक आत. टचडाऊन त्याच क्वार्टरच्या अकराव्या मिनिटाचा, कोणाचा ते मात्र लिहिलेले नव्हते. पण शैलाताईंचा आनंद क्षणभरच टिकला. क्रिकेटमध्ये जखमी होऊन गेलेला फलंदाज पुन्हा खेळायला येतोच की. कॅलहनही पाच मिनिटांत परतला असेल. ग्रंथपालांनीही तीच शंका काढली. आजच्या फुटबॉलमध्ये तर खेळाडू सारखे आत-बाहेर करतात. चौथ्या क्वार्टरमध्ये कॅलहन परत आल्याची नोंद त्याच पानावर होती, तिसऱ्यात मात्र नव्हती. लिहायची राहिली असेल, असे कोणीही म्हणू शकले असते.

गुरुवारी सकाळी पोहे फोडणीला टाकताना त्या मध्येच थांबल्या.

"अहो, स्कोअरर विनाकारण रकाना आखतो का?"

"आता हे काय?"

"त्या मुलाने प्रत्येक खेळाडूपुढे क्वार्टर लिहिलाय, मिनिट लिहिलंय. पावसात भिजत. कोणी सांगितलं होतं त्याला? काहीतरी धाक असणार."

"पोहे लागतायत," गुरुदत्त म्हणाले, आणि गॅस त्यांनीच बंद केला.

तो धाक तिसऱ्या खोक्याच्या तळाशी होता: १९३७ ची नियमपुस्तिका. एकदा बाहेर गेलेल्या खेळाडूने त्याच क्वार्टरमध्ये पुन्हा मैदानात यायचे नाही. आला तर संघाला दंड. म्हणून तो मुलगा मिनिटे टिपत होता. कॅलहन परतला असता, तर त्या मुलाच्याच हाताने तो दंड वहीत आला असता. त्या दिवसाच्या दंडाच्या रकान्यात एक आडवी रेघ होती, म्हणजे दंड एकही नाही. शैलाताईंनी वही, पुस्तिका आणि कात्रण शेजारी शेजारी ठेवून ताळा घेतला. ग्रंथपालांनी तो दोनदा वाचला आणि पाटीच्या मजकुरात टचडाऊनपुढचे नाव पेन्सिलीने बदलले.

शुक्रवारी सकाळी त्या छायाप्रती घेऊन लिओंकडे गेल्या. मार्जरीने उभ्यानेच पाने वाचली, पुन्हा पहिल्या पानावर आली आणि मग खुर्चीवर बसली. लिओंनी भिंग लावून वहीचे पान पाहिले.

"सातवं मिनिट होतं," ते म्हणाले. "सहावं नाही."

"तुम्ही धावत होता, तो लिहीत होता," शैलाताई म्हणाल्या. "मी लिहिणाऱ्याचं धरते."

लिओ हसले. मग म्हणाले, "बर्टचं नाव काढू नका."

"काढलं नाही. जखमी कॅलहनच्या जागी आलेला लिओ हुदाक, असं लिहिलंय."

ते समाधानाने मागे टेकले. मार्जरीने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. इतकी वर्षे ती गोष्ट मध्येच तोडणारी मुलगी हलकेच म्हणाली, "डॅड, चेंडू हातात आला तेव्हा तू कुठे होतास? सुरुवातीपासून सांग."

लिओंनी टेबलावरची साखरदाणी उचलली, टेबलाचेच मैदान करून ती मध्यावर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. शैलाताईंनी पर्समधून वही काढली.