सुपडू लोहाराची जोडघंटा

सुपडू लोहार शिरपूरला आमच्या गल्लीच्या टोकाला बसतो. वय एकाहत्तर. गुरांच्या गळ्यातल्या लोखंडी घंटा करतो. सातपुड्यातल्या पाड्यांवरचे लोक अजून त्याच्याकडेच येतात, कारण रानात आपली गाय आवाजावरून ओळखू यावी लागते. पत्रा दुमडायचा, कडा ठोकून बसवायच्या, पितळेचे तुकडे लावून मातीत गुंडाळायचं, भट्टीत भाजायचं. मग सूर लावायचा. एक घाव घालायचा, ऐकायचं, पुन्हा घाव.

मी चौतीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये वेल्डर होतो. त्याच्या कामाला मी ठोकाठोकी म्हणायचो.

शेजारी तुंडे नावाचा नायजेरियाचा विद्यार्थी भाड्याने राहतो. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. दोन लोखंडी घंटा, एक मोठी, एक लहान, एकाच मुठीला जोडलेल्या. नाव अगोगो. त्याच्या योरुबा लोकांत ती पूजेला, गाण्याला काठीने वाजवतात आणि ढोलवाले तिचा ठेका धरून चालतात. त्याला कॉलेजच्या गॅदरिंगसाठी हवी होती. मी म्हणालो, दोन दिवसांत देतो.

तीन मिलिमीटरचा पत्रा घेतला. वेल्डिंग एकसारखं, घासून गुळगुळीत. वाजवली तर बादलीवर मारल्यासारखी. दुसरी केली, तीही तशीच.

मग फोटो घेऊन सुपडूकडे गेलो. तो चार दिवस खपला. सूर जुळेपर्यंत लहान घंटेची कड त्याने नऊ वेळा तापवली. मी समोर स्टुलावर बसून होतो.

तुंडेने ती वाजवली आणि विचारलं, "अंकल, आपने बनाया?"

मी हो म्हणून मान हलवली.

गॅदरिंगला त्याने स्टेजवरून माझं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. मी उभा राहून हात जोडले.

महिन्याने तो पुन्हा आला. घंटा कशी बनते ते त्याच्या वडिलांना बघायचं होतं. मी काम करताना त्याला व्हिडिओ काढायचा होता. तेव्हा मी खरं सांगितलं. गळ्याशी आलं म्हणून सांगितलं. त्याने मोबाइल खिशात ठेवला.

त्याला घेऊन सुपडूकडे गेलो. गॅदरिंगची गोष्ट सुपडूच्या कानावर केव्हाच गेली होती.

"काय भाऊ, आते तुम्ही घंट्या बनाडतस म्हने?"

"चुकलो, सुपडूभाऊ. तुझं नाव सांगायला हवं होतं."

त्याने पत्रा उचलला, तुंडेला समोर बसवलं आणि स्टूल पायाने बाजूला सारलं.

"बठ्ठं दखाडस त्याले. तुम्ही भाता वढा."

सगळं तोच दाखवणार होता. मी भाता ओढू लागलो. तुंडेने मोबाइल काढला आणि सुपडूच्या हातांवर धरला. तासाभराने माझे खांदे भरून आले. सुपडूने थांब म्हटलं नाही, आणि मीही थांबलो नाही.