घुमटाखाली आई

माजिवड्याला मी ज्या हॉस्पिटलमध्ये काम करते, तिथे एक मशीन आहे. पेशंटला आडवं करायचं, डोक्यावर पारदर्शक प्लास्टिकचा घुमट ठेवायचा आणि त्याने अर्धा तास गप्प पडून राहायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही, झोपायचंही नाही. घुमटाच्या नळीतून मशीन त्याचा श्वास तपासतं आणि सांगतं, की हे शरीर काहीही न करता, नुसतं जिवंत राहायला दिवसाला किती कॅलरी खर्च करतंय. त्यावरून त्याला किती खायला द्यायचं ते मी ठरवते. वॉर्डात मला डाएटवाल्या मॅडम म्हणतात. मॅडम चिडक्या आहेत, हे मावशींपासून सर्जनपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

आईच्या पोटाचं ऑपरेशन होऊन तेव्हा आठ महिने झाले होते. गाठीबरोबर अर्धं जठर काढलं होतं. गाठ पूर्ण निघाली, असं सर्जन म्हणाले आणि मी तिला डोंबिवलीला माझ्या घरी घेऊन आले. फ्रिजवर तक्ता लावला. दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं. पेज, मऊ भात, अंडं, दही. खाल्लं की आईने समोर टिक करायची. आई एकही टिक चुकवत नसे.

आणि दर रविवारी वजन काट्यावर कमीच भरायचं. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागला. बांगड्या कोपरापर्यंत मागे जायच्या. सगळ्या टिका खऱ्या असतील तर खाल्लेलं जातंय कुठे? या प्रश्नाचं मला एकच उत्तर सुचत होतं, ते मी कुणाला बोलून दाखवलं नाही. आत कोणीतरी परत आलंय आणि तेच सगळं खातंय. हा विचार आला की मी तक्त्यात एखादी वाटी वाढवायची आणि आईवर ओरडायची, की नीट चावून खा.

शेवटी सर्जन म्हणाले, "तुमच्याच मशीनवर घेऊन बघा ना आईंना."

त्या दिवशी शिळफाट्याला गाडी अडकली. पोचलो तेव्हा आयसीयूमधून दोन फोन येऊन गेले होते, त्यांना मशीन हवं होतं. टेस्टच्या आधी पेशंटला अर्धा तास पडू द्यायचं असतं. आईला मी पाच मिनिटं दिली. फॉर्मवर दहा-बारा प्रश्न असतात, प्रत्येकाला तोंडी विचारायचे. एखाद्या नर्सने न विचारता फॉर्म भरला तर मी तिची खरडपट्टी काढते. आईचा फॉर्म मी उभ्या उभ्या स्वतःच भरला. सकाळपासून काही खाल्लं? नाही. चहा? नाही. तंबाखू? नाही. माझी आई, तिला काय विचारायचं?

घुमट खाली घेताना ती म्हणाली, "अगं, माशी बसू नये म्हणून ताट झाकतात तसं झाकतेयस."

"बोलायचं नाही," मी म्हटलं.

प्लास्टिकच्या आतून तिचे डोळे माझ्यावरच होते. माझे आकड्यांवर. थोड्या वेळाने आकडा उतरतो आणि एका जागी थांबतो, असं मी रोज बघते. आईचा उतरेना. तिच्यासारख्या वाळलेल्या बाईचा जेवढा यायला हवा, त्याच्या बराच वर राहिला. सर्जननी कागद बघितला आणि म्हणाले, "हं." मग त्यांनी स्कॅन लिहून दिला, पुढच्या गुरुवारचा. हा ‘हं’ मी इतर लोकांच्या बाबतीत बऱ्याच वेळा ऐकला होता. आपल्या माणसासाठी ऐकला की कसा लागतो ते तेव्हा कळलं.

"पास झाले का गं मी?" आईने गाडीत विचारलं.

"झालीस," म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

ते दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. मी दुसऱ्यांच्या पेशंटचे आकडे काढत होते आणि डोक्यात गुरुवार होता. माझ्या ताटात वाढलेली पोळी तशीच राहायची. आईला एकटं सोडवेना म्हणून सोमवारी अर्धी रजा टाकून दुपारीच घरी आले. लिफ्टचं दार उघडलं आणि वास आला. तव्यावर तंबाखू भाजल्याचा. गावाला आमच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी तो वास असायचा, तो ओळखायला मला शिक्षण लागत नाही.

आई गॅससमोर उभी होती. एक्झॉस्ट फॅन लावलेला, खिडकी उघडी, तव्यावर तंबाखू काळी होत आलेली.

"मशेरी सोडली होतीस ना तू? ऑपरेशनच्या आधी देवाच्या पायावर हात ठेवून?"

"दात घासायला गो थोडीशी. तंबाखू काय मी खाते?"

"टेस्टच्या दिवशी लावलेलीस?"

"दात न घासता यायचं हॉस्पिटलात? तूच म्हणालीस, चहा नको, खायचं नको. दातांचं कुठे बोललीस?"

मी जी ओरडले, ती शेजारच्यांनी दार उघडेपर्यंत. मशेरीने काळीज जोरात चालतं, शरीर जास्त जाळतं, आकडा चुकतो. आठवडाभर मी अर्धमेली झाले, ते या तव्यासाठी? आईने गॅस बंद केला. तवा सिंकमध्ये ठेवला. ओरडून ओरडून मीच थकले, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पाच मिनिटांत तिला घुमटाखाली घालणारी मीच होते.

बुधवारी पुन्हा टेस्ट घेतली. दोन दिवस मशेरी बंद. या वेळी आईला पूर्ण अर्धा तास पडू दिलं आणि फॉर्म घेऊन तिच्याजवळ स्टुलावर बसले. परक्या बाईला विचारते तसं, एकेक प्रश्न, हळू आवाजात.

"जेवल्यावर काही त्रास होतो का?"

हाच प्रश्न घरी मी रोज विचारायचे, पण "त्रास नाही ना होत काही?" असा. ती नाही म्हणायची आणि मी पुढच्या वाटीकडे वळायची. आता ती छताकडे बघत राहिली.

"दोन घास गेले की छाती धडधडते. घाम फुटतो. मग बाथरूमला पळायचं. एकदा पोचले नाही. तू ड्युटीवर होतीस, साडी धुऊन टाकली मी."

"मग जेवण?"

"टिक करते आणि वाटी सिंकमध्ये ओतते. मशेरी लावली की भूक मरते, बरं वाटतं."

अर्धं जठर काढलेल्याला असं होतं, हे मी दुसऱ्यांच्या नातेवाइकांना चित्र काढून समजावते. त्यावर उपायही आहेत.

"सांगायचंस ना आई. भीती वाटत होती का, आजार परत आला म्हणून?"

"आजाराची नाय गो," ती म्हणाली. "तुझी वाटते."

मी घुमट खाली घेतला. नंतरचा अर्धा तास दोघींनी बोलायचं नव्हतं. आकडा उतरत गेला, अंदाजाच्या खाली गेला आणि तिथे थांबला. असा आकडा मी ओळखते. बरेच दिवस पोटात काही न गेलेलं शरीर आपला खर्च कमी करत जातं, पुरवून पुरवून जगतं, तेव्हा असा येतो.

गुरुवारी स्कॅन झाला. आत काही नव्हतं. सर्जन हसले, मीही हसले आणि मग कॉरिडॉरमध्ये जाऊन रडले. आठ महिने माझी आई माझ्या घरात, मी केलेल्या तक्त्यासमोर उपाशी होती.

तक्ता काढून टाकलाय. पेज घट्ट करते, पाणी जेवणाबरोबर देत नाही, गोड बंद आहे. आता धडधड कमी होते. वजन दीड किलोने वाढलंय. मी आवाज चढवत नाही, निदान तिच्यावर नाही. पण वाटीत दोन घास उरले की आईचा हात थांबतो आणि वाटी खाली ठेवण्याआधी ती एकदा माझ्या तोंडाकडे बघते.