दांडा कुठं जोडतात ते पाहायला

चाचांनी चारचौघांत माझं इंजिन नापास केलं, म्हणून खरं इंजिन पाहायला जायचं ठरलं. मी पाट्या रंगवतो. शाळा सातवीत सुटली, पण माझ्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवणारा अजून भेटलेला नाही. स्टेशनजवळच्या एका चहाच्या हॉटेलात मी भिंतभर वाफेचं इंजिन रंगवलं, काळाकुट्ट धूर सोडणारं. चाचा म्हणजे रेल्वेतले निवृत्त इंजिन ड्रायव्हर. सकाळचा चहा तिथंच घेतात. त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "क्यों पेंटर, ये दांडा पहिये के बीचोबीच किसने जोडा? ऐसी गाडी हिलती क्या?"

मग ते रोजचंच झालं. "हिली क्या पेंटर?" गिऱ्हाइकं हसायची. शेवटी मालक म्हणाला, पंधरा दिवसांत नीट कर, नाहीतर चुना मारतो.

वाफेची नॅरोगेज गाडी आमच्यापासून जवळ अशी पाचोरा-जामनेर मार्गावरच अजून चालते. बरोबर दोन मित्र घेतले. दिलीपकडं कॅमेरा, रमेशकडं मोटारसायकल आणि दोघांकडं फाजील आत्मविश्वास. दिलीपनं भावाची मोटारसायकल घेतली, मी रमेशच्या मागं बसलो. पहाटे पाचला निघालो. सिल्लोडपर्यंत रस्ता बरा आहे. अजिंठ्याच्या घाटात हळू चालवा. पेट्रोल सिल्लोडलाच भरा. टाकीचं झाकण मी तीनदा तपासलं, तुम्ही एकदा तपासलं तरी चालेल. पहूरला शेवभाजी खा. वरची तेलाची लाल तर्री पाहून घाबरू नका, भाकरी जास्त मागा.

पहूरजवळ गाडी आली तेव्हा शेजारच्या रस्त्यावरचा एक सायकलवाला तिच्या पुढं होता. आम्ही तिचा पाठलाग केला, म्हणजे दर वेळी पुढं जाऊन तिची वाट पाहत बसलो. दिलीपला फक्त धूर हवा होता आणि धूर काही दिसेना. पुढच्या स्टेशनात तो इंजिनाजवळ जाऊन म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, जरा काळा धूर काढा की. फोटोला मजा येईल."

ड्रायव्हरनं हात पुसले. "काळा धूर म्हंजे कोळसा कच्चा जळतोय. फायरमनला काम येत नाय, असा अर्थ. तसला फोटो काढून कुणाची इज्जत घालवता?"

रमेश दिलीपकडं बघून हसला. मला हसू आलं नाही. माझ्या भिंतीवर तसला धूर छतापर्यंत गेला होता.

मी भीतभीत दांड्याचं विचारलं.

"पेंटर हाये व्हय तू? मंग बस खाली आन् बघ."

गाडी त्यानं मुद्दाम सावकाश काढली. दांडा चाकाच्या मध्यावर नव्हताच. मध्य आणि कड यांच्या दरम्यान एका खुंटीला अडकवलेला होता. खुंटी गोल फिरते, म्हणून चाक फिरतं. एवढी साधी गोष्ट, आणि मी इंजिन रंगवायला निघालो होतो. उकिडवं बसून वहीत उतरवून घेतली.

"सरक की, फोटोत येतोस," दिलीप ओरडला. मी सरकलो नाही.

रोल धुऊन आला. छत्तीस फोटोंत धूर शोधायला भिंग लागतं आणि दांडा एकातही दिसत नाही. एकात माझी पाठ मात्र स्पष्ट आहे. त्या दिवशी इंजिनच नरम होतं, असं दिलीप सगळ्यांना सांगतो.

भिंतीला दोन दिवस लागले. दांडा खुंटीवर आणला. धूर खरवडून काढला आणि चिमणीवर वाफेचा एक फिकट पदर तेवढा ठेवला. तिसऱ्या दिवशी चाचा आले. मी ब्रश धुण्याचं निमित्त करून कोपऱ्यात उभा होतो. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं. इंजिनासमोरच्या स्टुलावर एक गिऱ्हाईक बशीत चहा ओतून बसलं होतं. चाचा त्याला म्हणाले, "उठो मियाँ. पटरी पे बैठे तुम."