वरणभात न खाणारी भाची

माझ्या नणंदेच्या मुलीइतकी घाबरट मुलगी सबंध सिंगापुरात दुसरी नसेल, आणि हे शहर नियमाला भिणाऱ्या माणसांनी भरलेलं आहे हे लक्षात घेऊन मी हे म्हणते आहे. नाशिकहून ती इथे केमिकल इंजिनिअरिंग शिकायला आली, चांगल्या मार्कांनी पास झाली आणि जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात नोकरीला लागली. इथे राहायला सरकारी परवाना लागतो, त्याला पास म्हणतात; शिकणाऱ्या मुलांचा वेगळा, नोकरीचा वेगळा. नोकरीचा तिला मिळाला, पण ठरावीक मुदतीचा. मुदत संपत आली की कंपनीनं वाढवून मागायची, आणि वरून हो आलं तर राहायचं, नाही आलं तर सामान बांधायचं. या एका गोष्टीनं त्या हुशार मुलीची पार दैना करून टाकली होती. आपल्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तशी ही पासचं नाव घेत नसे. "मामी, 'त्यांचं' अजून काही कळलं नाही," असं ती खाली मान घालून सांगे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पोरीनं परस्पर कुठे जमवलं की काय!

टूथपेस्ट ती सर्वांत लहान घ्यायची. मोठी घेतली आणि ती संपायच्या आत आपल्यालाच जावं लागलं तर, हा हिशेब. खोली सेरंगूनला, नोकरी पार दुसऱ्या टोकाला, रोज पहाटे उठून आमच्या जुरोंग ईस्टला यायचं आणि इथून कंपनीची बस धरायची. मी म्हटलं, "अगं, इकडेच खोली बघ की." तर म्हणाली, "पत्ता बदलला की कळवावं लागतं मामी. कळवलं की कुणीतरी आपलं नाव वाचतं." एका रविवारी जेवून बडीशेप चघळत ती निघाली, मी स्टेशनपर्यंत सोडायला गेले. एमआरटीचं गेट दिसताच बाईसाहेबांनी तोंडातली सगळी बडीशेप पाण्याशिवाय गिळली. आत खायला बंदी आहे ना! ठसका असा लागला की स्टेशनवरचा माणूस धावत आला, आणि त्याला बघून हिचा चेहरा पांढराफटक. रस्ता ओलांडताना तर चिटपाखरू नसलं तरी सिग्नलमधला हिरवा माणूस दिसेपर्यंत ही माझा दंड घट्ट धरून उभी. माझी लेक इथल्या लाह-लावलेल्या इंग्रजीत तिला हसायची. "ताई, यू वरी टू मच लाह!" म्हणून स्वतः मात्र तिथेच थांबायची, कारण ताईवर तिचा भारी जीव होता.

आणि या मुलीचं कारखान्यातलं काम काय? तर तीन-तीन मजली टाक्यांचे सेफ्टी व्हॉल्व्ह तपासायचे. तिथले लोक सांगत की ही तपासून गेली की ते निवांत असतात.

एकदा ती एक प्रेशर कुकर घेऊन आली. "मामी, तुझ्याकडे राहू दे. माझ्या खोलीत जागा नाही." आमच्या कुकरचा दांडा नुकताच तुटला होता, मी आनंदानं ठेवून घेतला. जाड बुडाचा, सांगलीकडचा, शिट्टी जरा घोगरी. त्यात वरण असं शिजायचं की विचारू नका. पण त्या दिवसापासून भाचीनं आमच्याकडे वरणभात खाणं सोडलं. "मला भात आवडतच नाही," म्हणायची. जन्मभर भात ओरपलेली मुलगी! मला वाटलं, वजनाचं काहीतरी खूळ असेल.

मग एका रविवारी जेवायला बसताना आमचे हे सहज बोलून गेले, की त्यांच्याही पासची मुदत संपत आली आहे, कंपनीनं अर्ज केलाय, पण यंदा ऑफिसात वातावरण ठीक नाही, दोघांना नाही म्हणून आलं. भाचीच्या हातातला चमचा ताटात पडला. ती उठली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. कुकर नुकताच उतरवला होता. वाफ पूर्ण जिरेपर्यंत ती त्याच्यासमोर उभी राहिली, शेवटी सेफ्टी इंजिनिअरच, आणि मग आतल्या भातासकट तो टॉवेलात गुंडाळून दाराकडे निघाली.

मी वाट अडवली. तेव्हा रडवेली होऊन तिनं सगळं सांगितलं. हा कुकर तिच्या कॉलेजातल्या सांगलीच्या एका मुलीनं आणलेला. तिची मुदत वाढली नाही, जाताना तिनं तो मैत्रिणीला दिला. त्या मैत्रिणीचंही तेच झालं. तिनं तो आपल्या खोलीतल्या मुलीला दिला, तिचंही तेच. ती जाताना तो हिच्या गळ्यात पडला. सगळ्या इंजिनिअर बरं का, एकीपेक्षा एक हुशार! "टाकून द्यायची हिंमत झाली नाही मामी. आणि मामाचं इथे पक्कं आहे असं मला वाटायचं, म्हणून तुझ्याकडे आणला."

मला हसू फुटलं. "वेडी आहेस का? कुकरनं काय होतंय? आणि तुझाही अर्ज गेलाय ना आता?"

"गेलाय," माझ्या लेकीकडे बघत ती म्हणाली. "पण मी एकटी आहे. तुमच्या घरात हिची शाळा आहे."

माझं हसू तिथेच थांबलं. गरम कुकर मांडीवर घेऊन, भाताचा वास कुणाला येईल या धास्तीनं ताठ बसून, ती बडीशेप गिळणारी मुलगी एमआरटीनं सेरंगूनपर्यंत गेली. आम्ही त्या दिवशी आमटीत पाव बुडवून खाल्ला.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला माहीत. यांचा फोन वाजला की मी हातातलं काम टाकून दाराआडून ऐकायची. लेक शाळेच्या स्नेहसंमेलनाबद्दल बोलायला लागली की मी विषय बदलायची. कुकर घरात नाही याचं मनातून बरं वाटायचं, आणि तो कुणाच्या घरात आहे हे आठवलं की जेवण जायचं नाही. अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे मी स्वतःला रोज सांगत होते.

आमचं हो आलं. त्याच आठवड्यात ती कंपनीच्या बसमधून उतरून थेट आमच्याकडे आली. तिचा अर्ज नामंजूर झाला होता. मी तिला जवळ घेतलं. पण त्या दिवशी ती "त्यांचं" असं काही म्हणाली नाही. "मामी, माझा पास संपला," असं तिनं अगदी नाव घेऊन सांगितलं.

सामान आवरायला मी सेरंगूनला गेले. तिच्याच कॉलेजातून नुकतीच पास झालेली, नोकरीला लागलेली एक मुलगी त्या खोलीत राहायला आली होती. ती लाडानं म्हणाली, "ताई, तो कुकर मला दे ना गं." भाचीनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "गास्केट गेलंय त्याचं," म्हणाली, आणि कुकर बॅगेत घातला. वजन वाढलं तेव्हा तिनं आपली जाडजाड पुस्तकं बाहेर काढली. विमानतळावर यांनी विचारलं, "नाशिकला कुकर मिळत नाहीत का गं?" ती म्हणाली, "मिळतात मामा. पण हा इथे राहायला नको."

आता तिला तिकडे एका कारखान्यात नोकरी लागली आहे. व्हिडिओ कॉल केला की मागे ती घोगरी शिट्टी ऐकू येते. रोज दोन वेळा वरणभात खाते म्हणे, टूथपेस्ट मोठी आणते, आणि रस्ता वाटेल तिथून ओलांडते. नणंद कौतुकानं सांगते, पोरगी अगदी धीट होऊन आली.

इथे परवा लेकीला शाळेतून आणताना रस्ता रिकामा होता. "आई, नो कार लाह, चल ना," ती म्हणाली. मी हिरवा माणूस दिसेपर्यंत तिचा दंड घट्ट धरून उभी राहिले.